मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने: अंतर किती, तास किती, आणि जाता-येता फरक का?

कृष्णाकाठ (ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी. मी वाईचा. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, आता निवृत्त. लेक-जावई अमेरिकेत न्यूजर्सीला असतात. लेकीला सहावा लागलाय, नोव्हेंबरात बाळंतपण. त्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यावर मी आणि आमची मंडळी मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने निघतोय. दोघांनीही विमान आजवर आतून पाहिलेलं नाही.

तिकीट हातात आलं आणि माझी झोप गेली. मुंबईहून सुटायची वेळ रात्री १:५०, न्यूयॉर्कला पोचायची सकाळी ८:२०, तारीख तीच. तिकीट काढून देणारा म्हणाला, "काका, साडेसहा तासांचा तर प्रवास." माझ्या मनाला ते पटेना. वाईहून मुंबई सेंट्रल गाठायला लालपरीला सहा तास लागतात. आणि परतीचं तिकीट जानेवारीतलं, त्यावर निघायचं सकाळी ११:३० ला आणि पोचायचं दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला. म्हणजे पंचवीस तास!

जावयाने फोनवर उलगडून सांगितलं. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. ऑक्टोबरात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे घेतात, म्हणून जानेवारीत साडेदहा तास मागे. तो हिशेब मांडला तर जाताना सोळा तास निघतात, येताना साडेचौदा. इथवर समजलं.

पुढचं समजेना. थोरल्याच्या मुलाचा पृथ्वीगोल घेतला. विषुववृत्तावर दोरा गुंडाळला, ९४ सेंटीमीटर भरला. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर धरला तर एका सेंटीमीटरला साधारण ४२५ किलोमीटर पडतात. मग मुंबईवर एक टोक धरून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणला, तो साडेएकोणतीस सेंटीमीटर. म्हणजे १२,५४० किलोमीटरच्या आसपास. आमच्या एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा असतो, तर हे २,०९० टप्पे झाले. विमान ताशी नऊशेने जातं असं सगळे सांगतात. भागाकार केला की चौदा तास येतात. ना सोळा, ना साडेचौदा.

आणि दोरा गेला कुठून, तर सिंध, अफगाणिस्तान, मॉस्कोच्या जवळून, स्वीडन, आइसलँड आणि ग्रीनलंडच्या टोकापासून. भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली तर सौदी अरेबिया, इजिप्त, सहारा वाळवंट. यातला खरा रस्ता कुठला?

हे सगळं विचारायला कारण आहे. वेबिल (फेरीच्या नोंदींचा कागद) भरल्याशिवाय आणि वाटेतले थांबे डोक्यात बसल्याशिवाय मी कधी गाडीत चढलो नाही. शिवाय हिच्या गुडघ्यांचा त्रास आहे, रात्रीच्या लांब पल्ल्याला हिचे पाय सुजतात, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. किती तास आणि कुठून कुठे, ते नीट सांगता आलं तरच हिची भीती जाईल. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

शाळामास्तर

तुमचा दोरा बरोबर आहे, पट्टी चुकली आहे. भूगोल शिकवताना मी मुलांकडून नेमकं हेच करून घेतो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

गोलाचं साल काढून ते सपाट कागदावर बसवायचं तर कुठेतरी ताणावं लागतं. भिंतीवरच्या नकाशात ते ध्रुवांकडे ताणलेलं असतं. म्हणून त्यावरची सरळ रेघ ही जमिनीवरची जवळची वाट नसते. गोलावर ताणून धरलेला दोरा मात्र आपोआप जवळच्या वाटेवर येतो. तिला बृहद्वृत्त म्हणतात. नेहमीच्या नौकानयनाच्या नकाशावर पट्टी लावून एकच दिशा धरून गेलात तर मुंबई-न्यूयॉर्क सुमारे १४,२०० किलोमीटर पडेल. दोऱ्याच्या वाटेने साडेबारा हजार. सोळाशे-सतराशे किलोमीटरची बचत.

दोरा इतका उत्तरेला का चढतो तेही पाहा. मुंबई ७३ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. दोन्हींमध्ये १४७ अंशांचं अंतर, म्हणजे गोलावर ही शहरं जवळजवळ पाठीला पाठ लावून बसली आहेत. बरोबर १८० अंश असते तर दोरा थेट उत्तर ध्रुवावरून गेला असता. तुमचा दोरा नॉर्वे आणि आइसलँडच्या मध्ये ६५ अंशांच्या आसपास सर्वांत उंच चढलेला असेल. गोल हाताशी असेल तर तपासून सांगा.

रात्रपाळी

काका, मी एका विमान कंपनीत डिस्पॅचर आहे. विमान सुटण्याआधी त्याचा रस्ता, उंची आणि इंधन ठरवून कॅप्टनच्या हाती फ्लाइट प्लॅन द्यायचा, हे माझं रोजचं काम. तुमच्या भाषेत, वेबिल आम्हीच भरतो. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

मास्तरांनी सांगितलेली वाट ही कागदावरची सर्वांत जवळची. रोजचं विमान तिच्यावरून जाईलच असं नाही. तुमचं विमान भारतीय कंपनीचं असेल तर सिंधवरून जाणार नाही, कारण २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलंय. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते बंद होतं. युक्रेनवरचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. मग वाट अशी पडते: अरबी समुद्र, मस्कत, आखात, इराक, तुर्कस्तान, काळा समुद्र, मध्य युरोप, इंग्लंड-आयर्लंड, मग अटलांटिक. आखातात तणाव वाढला की हीसुद्धा बदलते. ही वाट साधारण १३,००० किलोमीटर भरते. तुमच्या दोऱ्यापेक्षा चार-पाचशे जास्त, म्हणजे अर्धा तास इथेच गेला.

आता मुख्य गोष्ट, वारा. ताशी नऊशे हा वेग विमानाचा हवेतला आहे, जमिनीवरचा नव्हे. तुम्ही कृष्णाकाठचे, म्हणून तसंच सांगतो. पुराच्या पाण्यात पोहणारा हात तेवढेच मारतो, पण प्रवाहाबरोबर गेला तर काठावरून पाहणाऱ्याला सुसाट दिसतो आणि उलट आला तर जागच्या जागी. वर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्याची नेहमीची चाल, थंडीत काही पट्ट्यांत तीनशेच्या वर. विषुववृत्ताकडची ऊब आणि ध्रुवाकडची थंडी यांतली तफावत हिवाळ्यात वाढते, म्हणून तोही वाढतो. न्यूयॉर्कला जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी. जाताना आम्ही त्याला चुकवत रस्ता आखतो, येताना त्याच्या पोटात शिरतो. अटलांटिकवरचे मुख्य पट्टे तर रोज वारा पाहून नव्याने आखले जातात. अलीकडचा भाग शॅनविक हे ब्रिटन-आयर्लंडचं हवाई नियंत्रण केंद्र सांभाळतं, पलीकडचा कॅनडातलं गँडर.

वारा किती महत्त्वाचा याचं आमच्या धंद्यातलं एक आवडतं उदाहरण देतो. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं, पण वारा पाठीशी आला आणि प्रवास साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा दोनेक तास कमी. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन लवकर पोचले! म्हणून आम्ही किलोमीटर मोजतच नाही, मिनिटं आणि इंधन मोजतो. मोठं विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं. तुमच्या फेरीला ते शंभर टनांच्या वर घेऊन उडेल.

इतक्या वजनामुळे सुरुवातीला ते फार वर चढू शकत नाही. इंधन जळेल तसं हलकं होतं आणि टप्प्याटप्प्याने वर जातं. मध्येच इंजिनाचा आवाज थोडा वाढला तर काकूंना सांगा, गाडी घाट चढतेय.

अजून एक. तिकिटावरची वेळ म्हणजे दारातून हलल्यापासून दारात थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरल्यावरची चाल हे सगळं त्यात येतं. सोळातले पंधरा-सव्वापंधरा तास प्रत्यक्ष हवेत.

कृष्णाकाठ

रात्रपाळी, तुमचे उपकार झाले. मास्तर, गोल पुन्हा काढला, दोरा नॉर्वे आणि आइसलँडच्या मध्येच सर्वांत वर आहे.

एक शंका राहिली. जाताना वाऱ्याने जेवढं खाल्लं तेवढंच येताना परत मिळत असेल, तर दोन्ही मिळून हिशेब सारखा व्हायला हवा. आमच्या पसरणी घाटात तसं होत नाही. पाचगणीला चढताना गाडी जेवढा वेळ खाते तेवढा उतरताना कधीच भरून निघत नाही. विमानाचंही तसंच आहे काय?

रात्रपाळी

अगदी तसंच. वही घ्या. अंतर १२,००० धरा, वेग ९००, वारा १००. वारा नसता तर एका बाजूला तेरा तास वीस मिनिटं, दोन्ही मिळून सव्वीस तास चाळीस मिनिटं. आता जाताना ८०० च्या वेगाने पंधरा तास, येताना १,००० च्या वेगाने बारा. बेरीज सत्तावीस. वीस मिनिटं वाऱ्याने खाल्लीच. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, पाठीमागच्यात कमी वेळ. नव्याने आलेल्या पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यात हेच गणित घालतो. तुम्ही न शिकवता विचारलंत.

अंगणातली तुळस

काका, मी अकरा वर्षं न्यूजर्सीतल्या एडिसनला राहते. माझे आईबाबा चारदा येऊन गेले, आईचेही गुडघे दुखतात. वरचे हिशेब छान आहेत, पण काकूंसाठी वेगळा हिशेब धरा. वाई ते मुंबई विमानतळ सहा तास. तिथे तीन-चार तास आधी. मग सोळा. न्यूयॉर्कला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग तास-दीड तास, पुढे एडिसनपर्यंत गाडीने दीड तास. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत अठ्ठावीस-एकोणतीस तास होतात. सोळा तास मनात धरून निघालेलं माणूस शेवटच्या रांगेत खचतं. माझी आई पहिल्या खेपेला त्या रांगेत रडली होती.

व्हीलचेअर आजच तिकिटावर लिहून घ्या. त्यात कमीपणा मानू नका, विमानतळावरची चाल फार असते. काकूंना वाटेकडेची जागा द्या, म्हणजे कुणाला न उठवता दर दोन तासांनी फेरी मारता येईल. पायात घट्ट मोजे घालायचे की नाही आणि कुठले, हे डॉक्टरांना विचारूनच. गोळ्यांच्या वेळाही डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सोळा तासांत मुंबईची सकाळ, दुपार, संध्याकाळ होऊन जाते आणि तिथे उतरल्यावर पुन्हा सकाळच असते, त्यात गोळी दुबार घेतली जाते. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही.

विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याहून वर बसल्यासारखं. त्यात हवा कोरडी. घसा सुकतो, पाय जड होतात. पाणी मागून मागून प्यायचं.

कुणी दुबईवरून जा म्हणून सांगेल. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०००, बेरीज तुमच्या थेट विमानाइतकीच येते. पाय मोकळे होतात हे खरं. पण दोनदा चढणं-उतरणं आणि मध्यरात्री अनोळखी विमानतळावर दुसरं दार शोधणं आलं. पहिल्या खेपेला थेटच बरं.

कृष्णाकाठ (जानेवारी २०२६)

मंडळी, परवा सुखरूप परत आलो. लेकीला मुलगी झाली, दोघी छान आहेत. या धाग्याचं ऋण होतं, म्हणून दोन्ही फेऱ्यांची नोंद लिहितोय. जुन्या सवयीने वही नेली होती आणि समोरच्या पडद्यावरचे आकडे तासातासाला टिपत गेलो.

जाताना. सुटायची वेळ १:५०. गाडी हलली २:०५ ला, जमीन सोडली २:३१ ला. दोन तासांनी मस्कत, उंची ९,७५० मीटर, वेग ८८५, वारा जवळजवळ नाही. साडेतीन तासांनी बसरा. पावणेसहा तासांनी काळा समुद्र, उंची १०,३६०. त्याआधी इंजिनाचा आवाज वाढला तेव्हा हिने माझा हात धरला. मी म्हटलं, घाट चढतेय. हिने सोडला. जर्मनीवर १०,९७०, समोरचा वारा ६०. आयर्लंड सुटल्यावर वारा ११०, वेग उतरून ७८०, बाहेर उणे ५४. रात्रपाळी, तुम्ही सांगितलेली पुराच्या पाण्याची गोष्ट तिथे डोळ्यांसमोर उभी राहिली. न्यूयॉर्कला चाकं टेकली ८:२१ ला, दारात लागलो ८:३६ ला. सोळा मिनिटं उशीर. हवेत पंधरा तास वीस मिनिटं. अंतर १२,९६० किलोमीटर, बरोबर २,१६० टप्पे.

येताना. अंतर १२,८८०, हवेत तेरा तास पस्तीस मिनिटं. अटलांटिकवर एका ठिकाणी पाठचा वारा १८० आणि वेग १,०७० दिसला. तो आकडा मी हिलाही उठवून दाखवला. जाता-येता फरक पावणेदोन तासांचा.

या सगळ्यांत मला कुणीच न सांगितलेली गोष्ट म्हणजे जातानाची ती रात्र. मुंबई सोडली तेव्हा रात्र होती, मस्कतला रात्र, काळ्या समुद्रावर रात्र. विमान पश्चिमेला पळतं आणि सूर्य मागून येत राहतो. आपल्या घड्याळात सकाळचे साडेदहा वाजले तेव्हा जर्मनीवर पहिलं तांबडं दिसलं, तेही मागे, शेपटीकडे. काचेला गाल लावूनच दिसायचं. वाईत मेणवलीच्या घाटावर पहाट पाहिली आहे मी, अर्ध्या तासात उजाडून जातं. इथे ते तांबडं तीन तास तसंच राहिलं. आधी काळ्या कडेला एक तांब्याची तार, मग तिच्यावर केशरी, मग फिकट पिवळा, त्याच्यावर हिरवट निळं, आणि सगळ्यात वर अजून चांदण्या. सूर्य उगवला तो अटलांटिकच्या मध्यावर, माझ्या मनगटावर दुपारचे एक पस्तीस झाले होते. तोवर मी डोळा मिटला नाही. विमानात सगळे झोपलेले. खिडक्याही बंद, फक्त आमची बोटभर उघडी. हिला उठवलं, तिने हात जोडले आणि पुन्हा झोपली.

तुळसताई, व्हीलचेअर आणि वाटेकडेची जागा, दोन्ही तुमच्यामुळे मिळालं. पायाला सूज आली, पण दुसऱ्या दिवशी उतरली. इमिग्रेशनला सव्वा तास लागला आणि उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत एकोणतीस तास दहा मिनिटं झाली. हिला आधीच आकडा सांगून ठेवला होता, म्हणून शेवटच्या रांगेत हीच मला म्हणाली, आता दोनच तास राहिले.

शाळामास्तर

तीन तासांची पहाट! पन्नास अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,०७० किलोमीटरने पूर्वेला फिरते, तुमचं विमान आठशेने पश्चिमेला. सूर्य फक्त उरलेल्या फरकानेच तुम्हाला गाठत होता. हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलो, पाहिलेलं कधीच नाही. मार्चमध्ये मुलाकडे बोस्टनला निघतोय. जागा कुठली घेऊ?

कृष्णाकाठ

मास्तर, विमान रात्रीचंच घ्या. डावीकडची खिडकी, पंखाच्या बऱ्याच मागे, नाहीतर पंख आडवा येतो. मी ४१ व्या रांगेत होतो. सकाळचा चहा आणला की दिवे लावतात आणि काचेत आपलंच तोंड दिसायला लागतं, तेव्हा घोंगडी डोक्यावरून काचेपर्यंत ओढून घ्या.